शेपटीवरची तारीख

फोनवर नाव आलं ‘कुंदा’. मी तेव्हा कामोठ्याला लेकाकडे चार दिवस राहायला गेले होते, मेथी निवडत बसले होते. हात तसेच पदराला पुसले आणि फोन उचलल्या उचलल्या म्हटलं, “काय गं, करमत नाही ना माझ्याशिवाय?” तर पलीकडून आवाज तिच्या लेकीचा. “काकू, मी वैशू बोलतेय.” खरं सांगते, त्या क्षणी मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वैशाली आईच्या फोनवरून बोलतेय, म्हणजे ती आईच्या घरात आहे, म्हणजे मिटलं एकदाचं. वर्ष उलटून गेलं होतं या मायलेकींना एकमेकींच्या घरी पाऊल टाकून. मी म्हटलं, “आलीस का गं बाई शेवटी आईकडे?” ती म्हणाली, “आले काकू. पण आई गेली.” दुपारी जेवून पडली होती, ती उठलीच नाही. कामवाल्या बाईने वैशूला कळवलं. मेथीची जुडी माझ्या मांडीवर होती, ती तशीच राहिली... कुणी उचलली, कुणी भाजी केली, मला काही आठवत नाही.

याला आता काही आठवडे झाले. नेरूळला आमची दारं समोरासमोर. ही बिल्डिंग नवी होती तेव्हा आम्ही दोघी एकाच महिन्यात राहायला आलो. आजूबाजूला सगळं मोकळं, खाडीवरून वारा यायचा तो थेट स्वयंपाकघरात, पोळीवरचं पीठ उडवायचा. मी घाटावरची, सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं पेपर आणि पुरवण्या वाचून शिकले. कुंदा कोकणातली. ती माझ्या आमटीला नाकं मुरडायची, मी तिच्या नारळाला. पण तिची खरी ओळख मला झाली ती वासावरून. तुर्भ्याच्या बाजूला एका क्रीम-पावडरच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. संध्याकाळी जिना चढून आली की ज्या मालाचं पॅकिंग झालं असेल त्याचा वास तिच्या साडीला असायचा. कधी गुलाब, कधी चंदन, कधी काकडी. जिन्यात आधी वास यायचा आणि मग कुंदा. आणि उन्हाळा जवळ आला की एक वेगळाच वास... नारळासारखा, पण नारळ नव्हे. समुद्रावरच्या गरम वाळूला वास असता तर तो तसा असता, असं मला वाटायचं. “आज काय गं?” मी विचारायची. “आज ऊन,” ती म्हणायची. म्हणजे उन्हाचं क्रीम. सनस्क्रीन हा शब्द आमच्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा तिच्याच तोंडून आला.

तिचं काम काय, तर ट्यूबच्या शेपटीवर तारीख उठवायची. ट्यूब भरून झाली की तिचं मागचं टोक दाबून बंद करतात ना, त्या पट्टीला या बायका शेपटी म्हणत. त्या शेपटीवर ठशाने दोन तारखा उठायच्या. कधी बनली ती, आणि कधीपर्यंत वापरायची ती. “मी पत्रिका मांडते गं एकेकीची,” असं कुंदा म्हणायची. ठसा असा खोल बसायचा, की डोळे मिटून बोट फिरवलं तरी आकडा कळायचा. कारखान्यात वीज गेली की बायका खेळच खेळायच्या, अंधारात ट्यूब हातात घेऊन बोटाने तारीख सांगायची. कुंदा कधी हरली नाही. तिचं एक ठाम मत होतं. ती म्हणायची, “सुमन, दूध नासलं तर फाटतं. भात आंबला तर वास येतो. हे क्रीम मात्र गुपचूप असतं. शिळं झालं तरी पांढरंच, वास तसाच. अंगाला लावून माणूस उन्हात उभं राहिलं की मग कळतं, तोवर भाजलेलं असतं. म्हणून कायदा म्हणतो तारीख घाला, दिसेल अशी घाला, तिच्यावर काही चिकटवू नका. तारीख कंपनीची नसते आणि दुकानदाराचीही नसते. ती गिऱ्हाइकाची असते.”

आणि हे तिच्या घरातसुद्धा चालायचं बरं का! बरणी उघडली की पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर उघडल्याची तारीख. लोणचं, खोकल्याचं औषध, साबुदाणा... सगळ्यांना पट्ट्या. तिचे यजमान होते तेव्हा म्हणायचे, “वहिनी, एक दिवस ही माझ्या पाठीवर पट्टी लावणार.” ती म्हणायची, “तुम्ही कधीचेच गेलेले आहात वापरण्याबाहेर.” मग आम्ही तिघं हसायचो. ते गेले, त्यानंतर ती नोकरीतून सुटली, आणि पॅकिंगचं मशीन काय बदललं, कारखाना कुठे गेला, यातलं तिला काही कळलं नाही. तिच्या बोटांत मात्र तो ठसा तसाच राहिला होता.

वैशूने सानपाड्याला दुकान टाकलं, क्रीम, टिकल्या, नेलपॉलिश, केसांची रबरं असलं. नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, घर या दुकानावरच चालायचं. कुंदा दुपारची जाऊन बसू लागली. तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. जग सगळं दुधात भिजवल्यासारखं दिसतं म्हणायची. ट्यूबलाइटभोवती तिला कडं दिसायचं, माणसांभोवतीही. “सगळे देवासारखे दिसतात गं, अगदी आमचा वॉचमनसुद्धा!” ऑपरेशन ती पुढे पुढे ढकलत होती, लेकीला दुकानात मदत हवी म्हणून. उन्हाळ्याच्या तोंडावर वैशूने सनस्क्रीनचा मोठा माल घेतला आणि आईला ऑफरचे स्टिकर लावायला बसवलं. पुढे लावले तर नाव झाकतं म्हणाली, “शेपटीवर लाव आई, तिथे मोकळी जागा आहे.” कुंदाने शेपटीवरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. या नव्या ट्यूबवर तारीख शाईने छापलेली असते, ठशाने नाही, हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या हिशेबी बोटाला काही लागत नाही म्हणजे तिथे काही नाही. तारीख टोपणाकडे असेल, असं तिने धरलं. आणि नेटकी बाई ती, एकेक स्टिकर शेपटीला असा गुंडाळून बसवला की नखानेसुद्धा निघू नये.

मग एका दुपारी सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली एक बाई दुकानात उभी राहिली. मीही तिथेच होते, कुंदाला डबा द्यायला गेले होते. मासळी बाजारात बसणारी, दणकट आवाजाची. बरोबर तिची भाची हर्षदा. बापाबरोबर होडीवर जाणारी मुलगी, लग्न ठरलेलं, हळदीपर्यंत तोंड काळवंडू नये म्हणून हौसेने वैशूकडून ट्यूब नेलेली. भरवसा ठेवून रोज लावली आणि दिवसभर खाडीवर उन्हात राहिली. तिचं तोंड मी पाहिलं आणि माझी नजर खाली गेली. गाल लालभडक, नाकावरची कातडी सुटलेली. मावशीने ट्यूब टेबलावर आपटली. “आमी मावरा इकतो ना गो. गिऱ्हाईक येतं, कल्ला उघरून बगतं, डोला दाबून बगतं. कंदी कुनाचा हात धरला काय आमी? ह्या ट्यूबची तारीख कुठं हाय, दाव मना!” वैशू म्हणाली, “मावशी, उन्हात ठेवली असेल तुम्ही ट्यूब.” आणि माझी कुंदा उठून उभी राहिली. दिसत नव्हतं नीट, तरी आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, “बाई, मी जन्मभर तारखा घातल्यात. माझ्या हाताखालून गेलेल्या मालात शिळं निघायचं नाही. माझा शब्द आहे.” मावशी तिच्याकडे बघत राहिली. “तुजा शब्द काय तोंडाला लावू पोरीच्या?” म्हणाली, आणि भाचीला घेऊन निघून गेली. ट्यूब टेबलावरच राहिली. कुंदाने ती चाचपडत उचलली आणि पिशवीत टाकली.

ऑपरेशन त्यानंतर झालं. पट्टी काढली तो दिवस मी विसरणार नाही. औषधाचे थेंब घालायला मीच असायची तिच्याकडे. ती खिडकीत जाऊन बसली आणि नुसती बघत राहिली... “सुमन, आकाश निळं आहे.” मी म्हटलं, “हो बाई, आहे.” “तुझी साडी जांभळी आहे? मी तर करडी समजत होते. आणि तू म्हातारी झालीस गं!” संध्याकाळी मी तिला खाडीकडे फिरायला नेलं. पाणी ओसरलं होतं, चिखलात दूरवर रोहित पक्षी उभे होते. मला ते नुसते पुसट ठिपके दिसत, माझा मोतीबिंदू अजून पिकायचाय. ती म्हणाली, “प्रत्येकाचा पाय दिसतोय मला.” आणि किती वेळ तशीच उभी. मी म्हटलं चल, तर म्हणाली, “थांब जरा, अजून बघू दे.” तो गुलाबी रंग तिच्या नव्या डोळ्यांत उतरला होता. त्या उजेडात ती मला लग्नातल्या मुलीसारखी वाटली. इतकी आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती.

घरी आलो. पिशवी रिकामी करताना ती ट्यूब हाताशी आली. खिडकीशी नेऊन तिने ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. टोपण बघितलं, पाठ बघितली. मग स्टिकरच्या कडेला नख लावलं. तिचाच हात, तिनेच घट्ट बसवलेला... निघता निघेना. गरम पाण्याचा बोळा फिरवून फिरवून तिने तो सोलला. खाली काळ्या शाईत तारीख होती. माल विकायला आला त्याच्या कितीतरी आधी संपलेली. त्या आकड्यांवरून तिने बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. “लागत नाही गं बोटाला,” एवढंच म्हणाली.

वैशू रात्रीचा डबा घेऊन आली तेव्हा मी उठून निघत होते, कुंदाने हाताने मला बस म्हटलं. ट्यूब मध्ये ठेवली. वैशूने बघितली आणि खालीच बसली. “आई, डिस्ट्रिब्यूटरने अर्ध्या भावात दिला होता माल. मला वाटलं, थोडं जुनं झालं म्हणून काय होतं?” कुंदा म्हणाली, “मोकळी जागा आहे म्हणालीस.” वैशू डब्याचं झाकण उगीच नीट करू लागली. “मला दिसत नाही म्हणून मला बसवलंस?” त्यावर वैशू एकदम उसळली. “मग काय करू? दुकान बंद करू? घर कशावर चालतं माझं, माहीत आहे ना तुला? आता कुठे जाऊन सांगत बसू नकोस. दुकान जाईल आई!” कुंदा म्हणाली, “मी त्या पोरीच्या तोंडावर शब्द दिलाय वैशू. तो खोटा निघाला.” डबा तसाच राहिला. वैशू गेली ती पुन्हा त्या घरात आली नाही, तो फोन येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कुंदा मला घेऊन सारसोळ्याला गेली. मावशी दारात कोलंबी सोलत बसली होती. “आता कशाला आलाव? भांडान ऱ्हायलंय काय?” कुंदा तिच्यासमोर जमिनीवर बसली. पिशवीतून ट्यूब काढली, सोललेली शेपटी तिच्यासमोर धरली. “स्टिकर माझ्या हाताने लागलेत. मला दिसत नव्हतं, पण लागलेत माझ्याच हाताने. तुम्ही तक्रार करा. ग्राहक आयोगात करा. मी येईन सांगायला.” मावशीचे हात थांबले. “दुकान तुज्या लेकीचा ना?” “हो.” “मंग?” कुंदा म्हणाली, “पोरीची हळद कधी आहे?” आतून हर्षदाच बोलली, “झाली आजी, गेल्याच आठवड्यात. लग्न होऊन माहेरी आलेय आता.” हळद तिच्या हातापायांनाच लागली होती, मावशी सांगत होती. तोंडाशी हात नेताना बायका थांबायच्या, कपाळावर टिकलीएवढा ठिपका लावून मागे घ्यायच्या. त्यांच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा, सगळं गाव नाचतं. मावशीने निघताना आम्हाला एक वाटा सोललेली कोलंबी दिली. मला वाटलं कुंदा नाही म्हणेल, पण तिने ती पदराखाली धरून घरापर्यंत आणली. त्या रात्री तिने ती शिजवली आणि माझ्या घरी आणून दिली. स्वतः काही खाल्लं नाही.

मावशीने तक्रार केली, पण आयोगात पोहोचायला बरेच महिने गेले. तोवर कुंदाच्या तोंडून लेकीचं नाव नाही. पहिल्याच वेळी त्यांनी दोन्ही बाजूंना मध्यस्थीच्या टेबलाशी बसवलं. लहानशी खोली, पंखा कुरकुरत होता. एका बाजूला मावशी, भाची आणि आम्ही दोघी. समोर वैशू आणि तिचा वकील. वकील म्हणाला, स्टिकर डिस्ट्रिब्यूटरकडूनच लागून आले असावेत, दुकानदाराला कल्पना नसावी. कुंदा उठली. “स्टिकर मी लावले. त्यांच्या दुकानात बसून लावले.” मध्यस्थबाई म्हणाल्या, “तुम्ही कोण?” “मी आई आहे त्यांची.” बाईंनी हळूच विचारलं, “शेपटीवर लावा, असं कुणी सांगितलं तुम्हाला?” कुंदाने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी तिचा हात धरला. आपल्या चुकीचं ओझं उचलायला ती आली होती. दुसऱ्याचं बोट दाखवायला तिची जीभ उचलेना. मग समोरून आवाज आला. वकील तिचा दंड ओढत होता, तरी वैशू म्हणाली, “मी सांगितलं. मला माहीत होतं खाली तारीख आहे.” आणि ती दुसऱ्या कुणाकडे न बघता हर्षदाकडे बघत म्हणाली, “चुकले मी.”

तडजोड झाली. दवाखान्याचा खर्च वैशूने दिला, तो माल परत काढला, लिहून दिलं. दुकान गेलं नाही. हर्षदाचं तोंड पुढे पुष्कळ निवळलं, हेही सांगून टाकते. पण आयोगाचा जिना मायलेकी एकमेकींकडे न बघताच उतरल्या. मी कुंदाला म्हटलं, “अगं, कबूल झाली ना पोरगी! हाक मार तिला.” ती म्हणाली, “आता ती शरमेने गप्प आहे. हाक मारली तर अजून शरमेल. तिची तिला येऊ दे.” दोघी सारख्याच, दुसरं काय.

त्यानंतर कुंदाला एक नवीन सवय लागली. आठवड्यातून एकदा म्हणायची, “चल, सानपाड्याला भाजी घेऊन येऊ.” मी म्हणायची, “का, नेरूळची भाजी विटली का?” तरी जायचो. भाजी घ्यायची आणि मग वैशूच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, बदामाच्या झाडाखाली उभी राहायची. रस्ता काही ओलांडायची नाही. ऊन कलायचं, बदामाची मोठी पानं खाली पडायची, रिक्षा जायच्या यायच्या, आणि ही बाई समोर टक लावून उभी... तोंडावर असं काही असायचं, की मला वाटायचं ती झोपेत आहे आणि चांगलं स्वप्न बघतेय. मला त्या अंतरावरून दुकानाच्या जागी नुसता पांढरा उजेड दिसायचा. मी म्हणायची, “दिसतेय का वैशू?” ती म्हणायची, “दिसतंय गं.” पाय दुखले की मी म्हणायची चल. तर नेहमीचंच, “थांब जरा, अजून बघू दे.” मला वाटायचं, लेकीचं तोंड बघायला येते बिचारी. मी तिला कधी विचारलं नाही.

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी एकटीच सानपाड्याला गेले आणि त्या भांडणानंतर पहिल्यांदाच तो रस्ता ओलांडला. वैशूने स्टूल दिलं, पाणी दिलं. माझी नजर मांडणीवर गेली आणि मी बघतच राहिले. उन्हाच्या क्रीमच्या सगळ्या ट्यूब उलट्या मांडलेल्या. रंगीत नावं भिंतीकडे, पांढऱ्या पाठी रस्त्याकडे. प्रत्येकीच्या शेपटीवरची काळी तारीख गिऱ्हाइकाला समोर दिसेल अशी. मी म्हटलं, “हे काय गं?” ती म्हणाली, “गिऱ्हाईक हसतात काकू. म्हणतात, तुझी पोरं भिंतीकडे तोंड करून रुसलीत. पण आयोगातून आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी हे असंच ठेवते.” मग मांडणीवरची धूळ उगीच पुसत म्हणाली, “आईला दाखवायचं होतं. रोज वाटायचं, आज बोलवीन, उद्या बोलवीन... तोंड नव्हतं मला. तिला कळलंच नाही, काकू. ती तशीच गेली.”

आणि मला तो पांढरा उजेड आठवला. मी उठले, तिचा हात धरला आणि म्हटलं, “चल.” “दुकान उघडं आहे काकू.” “राहू दे उघडं.” तिला घेऊन मी रस्ता ओलांडला आणि त्या बदामाखाली, कुंदा जिथे उभी राहायची अगदी तिथे, तिला उभं केलं. “इथून काय दिसतं ते सांग मला. मला दिसत नाही.” वैशूने वळून बघितलं. “पाठी दिसतात,” ती म्हणाली. “ट्यूबच्या. सगळ्या पांढऱ्या... एकूण एक दिसतात.” मी म्हटलं, “तुझी आई दर आठवड्याला इथे यायची गं. भाजीची पिशवी घेऊन, इथेच उभी राहायची. डोळे नवीन होते तिचे.”

पलीकडे त्या पांढऱ्या उजेडात एक आकृती येऊन उभी राहिली. “आहे का कुणी दुकानात?” अशी हाकही आली. मी म्हटलं, “वैशू, जा, गिऱ्हाईक आलंय.”

ती हलली नाही. “थांब जरा काकू,” म्हणाली, “अजून बघू दे.”